नवाबचा चहा

आमच्या बुढ्याले कोनी चांगलं म्हनलं का मले आंधी राग येतो. चांगल्या मानसाच्या बायकोले काय काय सोसा लागते, ते चांगलं म्हननाऱ्याच्या बापाले मालूम नसते. आता हेच पाहा. बहात्तर वर्षांचं वय, गुडघे कुरकुर करून राह्यले, एका डोळ्यातला मोतीबिंदू काढलेला, आन हा मानूस दुसरबीडच्या बाजारातून बैल घेऊन आला. तोबी असा, का ज्याच्या जवळ जायाची व्यापाऱ्याचीबी हिंमत होत नव्हती.

"हे काय आनलं?" म्या दारातूनच इचारलं.

"बैल हाय."

"ते मलेबी दिसते. काऊन आनला?"

"पटाले," बुढा म्हनला.

मी ओट्यावर खालेच बसली.

पट म्हनजे शंकरपट. आमच्या वऱ्हाडात बैलाईच्या शर्यतीले पट म्हनतात. दोन बैलाईची जोडी, हलका छकडा, त्याच्यावर हाकनारा धुरकरी, आन समोर सरळ पट्टी. घड्याळ लावतात. ज्या जोडीले कमी येळ लागला ती जिकली. आमचा बुढा, पुंजाजी, एका काळी या भागातला नावाजलेला मानूस होता. छकडा तो हाकत नव्हता, तो जोडी तयार करायचा. बैल लोकाईचे, तालीम याची. मेहकरपासून पार जालन्याच्या हद्दीपर्यंत लोकं म्हनायचे, पुंजाजीच्या हातचा बैल आला का बाकीच्याईनं भजे खा आन घरी जा. हातात टोचाची आरीची काठी यानं कधी धरली नाई. बैलाच्या समोर समोर चालायचा आन त्याच्यासंग बोलायचा. माह्यासंग दिवसातून दहा शब्द, बैलासंग हजार.

मंग शिलेदारचं झालं. शिलेदार एका मोठ्या जमीनदाराचा बैल, पन याच्या हातावर वाढलेला. मालकाले पट जिकाचाच होता. त्यानं याच्या माघारी बैलाले इंजेक्शन टोचलं. बैल असा पळाला का लोकं टाळ्या वाजवाचं इसरले. पट्टी संपली तरी थांबला नाई, बाजूच्या तुरीच्या वावरात शिरला आन तिथी पडला. बुढा पळत पोचला तं बैलाच्या तोंडाले फेस, डोळे उघडे. याच्या मांडीवर गेला तो. आन तिकडे लोकं मालकाच्या गळ्यात हार घालून राह्यले होते.

त्या दिवशी घरी येऊन यानं टोपी खुटीले लावली आन म्हनला, "झालं. आता पट नाई." त्याले इस वर्षं झाली. मंधात पटच बंद झाले, मंग कोर्टानं पुन्हा चालू करू देले. पन पटाच्या आंधी सुया चालू झाल्या. कोन बैलाले दारू पाजून राह्यला, कोन मानेत टोचून राह्यला, अशा गोष्टी पारावर निघाल्या का बुढा उठून जायचा. आन आता हाच मानूस म्हनते, पटाले!

"त्या सुईवाल्याईत जाता तुमी? या वयात?" म्या म्हनलं.

"जवळ ये. याची शेपूट पाह्य."

म्या दुरूनच पाह्यली. शेपटीची हाडं तीन जागी मोडलेली, पिरगाळून पिरगाळून. मानेवर सुयाईच्या गाठी, हरभऱ्याएवढ्या. बैल उभा होता तिथीच थरथर कापत होता.

"याले त्याईनंच खराब केला, आन आता चालत नाई म्हनून इकला," बुढा म्हनला. "हा बैल सुईबिगर जिकला पायजे. एकडाव. लोकाईले दिसलं पायजे, का असंबी होते. मंग मी मरायले मोकळा."

"मरायचं नाव काढलं तं संध्याकाळचं जेवन भेटनार नाई."

बुढा हासला. मी नाई हासली.

बैलाचं नाव नवाब. नाव आधीच्या मालकानंच ठेवलेलं, आन नखरेबी तसेच. तीन दिवस त्यानं कडब्याले तोंड लावलं नाई. सरकीची ढेप ठेवली, ढेप नाई. भिजवलेले हरभरे ठेवले, ते लाथेनं उडवले. मानूस दिसला का डोळे पांढरे करायचा. बुढा कोठ्याच्या दाराशी बसून तासन् तास बोलत राह्यला, नवाब ढिम्म.

चौथ्या दिवशी सकाऊन मी आंगनात चहा पिऊन राह्यली होती. अद्रक घातलेला, गुळाचा, कडक. पितळीत ओतला आन सुनबाईनं हाक मारली म्हनून पितळी ओट्यावर ठेवून गेली. वापस आली तं काय! नवाब दाव्याले तान देऊन, मान लांब करून माहा चहा पिऊन राह्यला! सुड् सुड् आवाज करत. पितळी चाटून पुसून साफ केली आन माह्याकडे पाह्यलं, जसा मीच उशीर केला.

"मेल्या!" म्या म्हनलं. "कडबा गोड लागत नाई, आन म्हातारीचा चहा चोरते व्हय रे!"

पन दुसरी पितळी म्याच भरली. त्यानं तीबी पेली, आन पहिल्यांदा मले त्याच्या कपाळाले हात लावू देला. बुढा दारात उभा राहून पाहत होता. त्याच्या डोळ्यात पानी आलं, म्हनला धूर गेला. चुलीवर भांडंबी नव्हतं तवा.

तवापासून सकाऊन एक गंज भरून चहा, दुपारी चार वाजता पुन्हा एक गंज. पाहुन्याले चहा विचारल्याबिगर आपन बसवत नाई, मंग हा तं घरचा. बुढा एका बाजूनं बशीत प्यायचा, नवाब दुसऱ्या बाजूनं पितळीत, आन मी मंधात शिव्या देत उभी. चहा झाला का नवाब गायीसारखा गरीब. मंग बुढा त्याले फिराले न्यायचा. पहिले महिने निसतं चालनं. मंग नांगरलेल्या वावरातून, मंग तलावात पोहायले. मंग आमचा वखराचा बैल भुऱ्या संग जुपला. भुऱ्या थंड डोक्याचा, नवाब भडक, असं लगन जमलं. छकडा हाकाले भावकीतला गजेंद्र आला. चाळिशीचा, आंगानं काडी, पन हाताचा हलका. वर्षभर तालीम चालली. शेपटीले कोनी हात लावाचा नाई, हा पहिला नियम. गजेंद्र एकडाव इसरला तं बुढा त्याच्यासंग दोन दिवस बोलला नाई.

पुढच्या वर्षी माघात पिंपळखुट्याचा पट ठरला. बुढा आठ दिवस आंधीच तिथल्या पट समितीच्या गुलाबरावाकडे गेला. मीबी गेलती संग, कारन याले एकट्याले पाठवलं का हा जेवाचं इसरते. गुलाबराव म्हनजे पांढरे कपडे, सोन्याचं कडं, पायात कोल्हापुरी. त्याईनं बुढ्याले खुर्ची देली, शाल देतो म्हनले.

"शाल नोको," बुढा म्हनला. "पहिल्या तीन जोड्याईची तपासनी करा. पयले माही. कागदावर लिहून टाका का कोन्या औषधाले बंदी हाय, आन ज्याचं निघन तो बाद."

गुलाबरावचं तोंड कारलं खाल्ल्यासारखं झालं. पन दहा लोकं बसलेले, वर परवानगीच्या कागदासाठी आलेली आमच्या भागाची ढोराची डॉक्टर मंजुश्रीताई बी तिथीच. ती लगेच म्हनली, "मी करते ना तपासणी. यादी माझ्याकडे आहे." गुलाबरावले नाई म्हनता येईना. त्याईनं यादी घेतली आन मोठ्यानं वाचाले लागले. कसकसली इंग्रजी नावं, तोंडात मावत नव्हती. चौथं नाव वाचलं, "कॅफीन."

बुढा मान हालवून म्हनला, "असली भारी औषधं आपल्या गावात तं भेटतबी नाईत."

मीबी मान हालवली. म्हनलं, कुठली असतीन बाप्पा, मुंबईची असतीन.

पटाच्या दिवशी सकाऊन तीन वाजता उठून म्या चहा ठेवला. म्हनलं, आज नवाबचा मोठा दिवस, रोजच्या चहानं काय होते. दुप्पट पत्ती टाकली, अद्रक ठेचलं, किटलीत भरला आन किटली फडक्यात गुंडाळून मांडीवर घेऊन पिकअपमंधी बसली. पिंपळखुट्याच्या माळावर गाडीतून उतरल्यावर नवाबले पितळी भरून देली. आजूबाजूचे पाहून हासत होते. एक जन म्हनला, "आजी, आमालेबी देता का?" म्या त्यालेबी देला.

मंजुश्रीताई तिचा डबा घेऊन माळावर आली, आन एक मजा झाली. सात जोड्याईच्या मालकाईले एकदमच घरचं काम आठवलं. कोनाची म्हैस व्याली, कोनाचा पाहुना आला. बैल गाड्याईत चढले आन धूळ उडवत गेले. बुढा खदखदून हासला. मले इस वर्षांत त्याचा असा आवाज आठवत नाई.

आन मंग आमची जोडी पळाली. मले पट कळत नाई, मी बायाईत बांबूच्या मांगं उभी. पन गजेंद्रनं निसती जीभ टाळूले लावून 'टक्' केलं आन नवाब-भुऱ्या निघाले. काठी नाई, शेपटीले हात नाई. गजेंद्र छकड्यावर वाकलेला आन दोन्ही बैल एका पायानं पळून राह्यल्यासारखे. घड्याळ पाहून माईकवाला वरडला, "पयला! पयला नंबर, पुंजाजीबाबाची जोडी!" लोकाईनं बुढ्याले उचललं. माह्या बाजूची बाई म्हनली, "आजी, तुमचे का वं हे?" म्या म्हनलं, "हाव. माहेच."

तपासनीत पयला नवाब. मंजुश्रीताईनं त्याची लघवी एका वाटीत घेतली, त्यात एक कागद बुडवला, पाह्यला, दुसरा कागद काढला, तोबी बुडवला. मंग ती पोरगी बुढ्याजवळ आली. तिचंच तोंड पडेल होतं.

"बाबा," ती म्हनली, "नवाबमध्ये निघालंय."

बुढ्याले आंधी कळलंच नाई. "काय निघालं?"

"बंदी असलेलं. यादीतलं."

मी पन्नास वर्षांत त्या मानसाचा चेहरा तसा पाह्यला नाई. शिलेदार गेला तवाबी नाई. तो हळूच फिरला, गजेंद्रजवळ गेला आन त्याची बंडी गच्च धरली. "तूबी?" येवढंच म्हनला. "तूबी, गजेंद्र?"

"बाबा, माह्या लेकराची शपथ, म्या नाई..." गजेंद्र रडकुंडीले आला. चारी बाजूनं मानसं गोळा झाली. कोनी मांगून म्हनलं, "मोठे निघाले तपासनीवाले!" कोनी शिटी मारली.

मी बांबू वर करून आत घुसली. मंजुश्रीताईले इचारलं, "ताई, नावाचं सांग. काय निघालं?"

"कॅफीन, आजी. थोडंथोडकं नाही. तुम्ही कोणी याला काही दिलंय का? म्हणजे कॉफी, चहा... चहामध्ये असतं ते."

माय वं! माह्या हातातली किटली हातातच राह्यली. एक मन म्हने, गप बस बुढे, कोनाले मालूम. पन तिकडे गजेंद्रच्या बंडीचं बटन तुटलं होतं, आन माहा नवरा त्याच्याकडे असा पाहून राह्यला होता जसा पुन्हा एकडाव त्याच्या मांडीवर बैल मेला.

"सोडा त्याले!" मी वरडली. "म्या पाजलं! चहा पाजला म्या, रोज पाजते! आज डबल पत्तीचा पाजला!"

मंग माळावर असा हासा उठला, का बैल बिचकले. लोकं पोट धरून हासून राह्यले. माईकवाल्यानं माईकवर सांगतलं, "मंडळी, नवाब चहाबाज निघाला!" आन पुन्हा हासा. मले वाटलं धरनी फाटावी आन मी किटलीसगट आत जावं.

गुलाबराव माईक घेऊन समोर आले. भलतेच गोड झाले होते. "पुंजाजीबाबा आपले बुजुर्ग हायत. चहा काई नशा नाई. आपन समदेच पेतो. समितीनं माफ केलं! बक्षिसाची ढाल बाबाईचीच! आन आता येवढं झाल्यावर बाकीच्याईची तपासनी करून कोनाचा अपमान कराचा नाई. आनंदानं पट संपवू."

टाळ्या पडल्या. म्याबी वाजवल्या, खोटं काऊन सांगू. म्हनलं, वाचलो एकदाचे.

बुढा मंजुश्रीताईकडे गेला. "ताई, ते नाव कागदावर लिहेल हाय का?"

"आहे बाबा. चौथं."

"मंग हाय." त्यानं गुलाबरावच्या हातातून माईक घेतला. "गुलाबराव, तुमीच मोठ्यानं वाचलं होतं. मले समजलं नाई, तो माहा दोष. पन आज माहा चहा ज्या दारातून सुटन, उद्या त्याच दारातून समद्याईच्या सुया सुटतीन. उद्या जो तो म्हनन, आमीबी चहाच पाजला. माही जोडी बाद लिहा."

मंग त्यानं डोक्यावरची टोपी काढली आन गजेंद्रच्या समोर मान वाकवली. माईक तसाच चालू होता, समद्या माळानं ऐकलं. "म्या तुह्यावर आळ घेतला, बाबू. चारचौघात घेतला, म्हनून चारचौघात माफी मागतो." गजेंद्रनं त्याचे पाय धरले, यानं त्याले उठवलं. आता कोनी हासत नव्हतं.

"आन ताई," बुढा म्हनला, "आता दुसऱ्या नंबरचं तपास."

तवा मले कळलं का गुलाबराव येवढे गोड काऊन झाले होते. दुसरा नंबर त्याईच्या पुतन्याचा, सागरचा होता. चहावाला बुढा स्वतःच बाद झाल्यावर आता कोन्या तोंडानं नाई म्हनतीन? मंजुश्रीताईनं कागद बुडवला आन पाह्यला. तिनं मान हालवली. चहा नव्हता तो. गुलाबरावले आपल्या हातानं पुतन्याचं नाव खोडा लागलं. तिसऱ्या नंबरचा मालक तं तपासनीच्या आंधीच दिसेनासा झाला. चौथी जोडी साखरखेर्ड्याकडच्या दयारामची. आठवडाभर वखर ओढनारे बैल, हौसेखातर आनलेले. त्याची तपासनी साफ निघाली. दयारामले हुडकाले लोकं पळाले, तं तो गाडीवर मिरचीचे भजे खाऊन राह्यला होता. त्याले वाटलं आपल्या बैलानं कोनाले मारलं. ढाल हातात देली तरी तो इचारत होता, "पन म्या केलं काय?"

घरी येताना पिकअपमंधी मी किटली पदराखाली झाकून बसली. दुसरबीड आलं तवा बांध फुटला.

"शिव्या द्या ना," म्या म्हनलं. "माह्या हातानं तुमचं वर्ष पान्यात गेलं. इस वर्षांनी गेलते, आन म्या लोकाईत हासं केलं. काही तं बोला!"

"काय बोलू?" बुढा म्हनला. "रोज माह्या डोळ्यासमोर पेला तो. माह्या बशीले पितळी लावून पेला. आन त्या चहानंच तं तो मानसाळला वं. चहा नसता तं नवाब नसता."

"मंग आता?"

"आता चहा बंद. होळीनंतर वरुडीचा पट हाय."

सांगाले सोपं हाय, चहा बंद. पन नवाबले कोन सांगन? पहिल्या दिवशी त्यानं खुर आपटून कोठ्याची जमीन उकरली. दुसऱ्या दिवशी ढेपीचं टोपलं शिंगावर घेऊन फिरला. म्या घरात लपून चहा पेला, तं त्याले वास आला आन असा हंबरला का शेजारची चांगुणा पाहाले आली, कोन मेलं म्हनून. मंग म्याबी चहा सोडला. बुढ्यानंबी सोडला. तीन जनाईचे डोके दुखून राह्यले, घरात कोनी कोनासंग धड बोलेना. मी गवती चहाची पात उकळून पाह्यली. पन त्याच्या नावात चहा हाय म्हनून आंधी मंजुश्रीताईले फोन लावला. ती हासून हासून बेजार. म्हनली, "आजी, ते गवत आहे हो. बैलाला गवत चालतं." नवाबले मात्र चाललं नाई. हुंगलं आन माह्या लुगड्यावर फुर्र केलं.

सहाव्या दिवशी मी थकून त्याच्याजवळ निसतीच बसली. पितळीत गुळाचं कोमट पानी होतं. "पेतो तं पी, नाई तं मर," म्या म्हनलं, आन त्याच्या मानेवरच्या त्या गाठीवरून हात फिरवत बसली. लय येळानं त्यानं एक घोट घेतला. माह्याकडे असं पाह्यलं, जसा उपकार केला. पन पेला. मंग रोज दोन येळा मी त्याच्याजवळ तासभर बसाले लागली. सुनबाई म्हने, आत्याबाई आता कोठ्यातच खाट टाका. म्या म्हनलं, टाकीनबी.

वरुडीच्या पटाले मी येत नाई म्हनलं होतं. म्हनलं, लोकं मले पाहून हासतीन. बुढा म्हनला, "तू नाई आली तं नवाब गाडीत चढत नाई." खरंच चढला नाई मेला. मंग चप्पल घालून मलेच आंधी चढा लागलं.

वरुडीले मंजुश्रीताई होतीच, आन एक नवीन गोष्ट होती. तपासनीसाठी जोड्याईची रांग लागली होती. कोनी सांगतलं नव्हतं, मालक आपापल्या हातानं बैल घेऊन उभे होते. रांगेत सागरबी होता, त्या गुलाबरावचा पुतन्या. बुढ्याले पाहून त्यानं मान खाले घातली. बुढा त्याच्या बैलाजवळ गेला, पाठीवर थाप मारली, म्हनला, "चांगला बांधा हाय. याले सकाऊन तलावात पोहव." आन पुढं गेला. नवाबचा कागद साफ निघाला. मंजुश्रीताईनं मले दुरूनच अंगठा दाखवला. मी तरी बायाईच्या मांगच्या रांगेत जाऊन, तोंडावर पदर घेऊन उभी राह्यली.

बारा जोड्या पळाल्या, मंग आमची. मी डोळे मिटले. पट्टीवर निसता खुराईचा आवाज आला, आन मंग लोकाईचा. डोळे उघडले तं छकडा पट्टीच्या त्या टोकाले पोचला होता, आन नवाब-भुऱ्या आपसूक चाल आवरून थांबले होते. बुढा त्याईच्याकडे पळत होता. त्र्याहत्तर वर्षांचा मानूस, ते गुडघे, आन पळत होता.

भोंग्यातून माईकवाल्याचा आवाज आला. तो वही पाहून वाचत होता. "पयला नंबर! जोडी नवाब आन भुऱ्या! धुरकरी गजेंद्र! जोडी तयार करनार..." तो अडकला. पुन्हा वाचलं असन त्यानं. "जोडी तयार करनार, तानुबाई पुंजाजी डोईफोडे!"

माह्या बाजूच्या बाया इकडेतिकडे पाहाले लागल्या, कोन ही तानुबाई. मीबी पाहाले लागली. मंग डोक्यात शिरलं, अवो, हे तं माहं नाव. सासरी आल्यापासून मी कोनाची सून, कोनाची माय, नात काजलची आजी. माहं नाव रेशनकार्डावर सोडून कोनी घेतलेलं मले आठवत नाई, आन या मानसानं तं कधीच नाई. आन ते भोंग्यातून चार गावाईले ऐकू गेलं.

मी बांबू ओलांडून सरळ पट्टीवर गेली. राग असा आला होता का पाय जमिनीले लागत नव्हते.

"माहं नाव काऊन लिहून देलं?" म्या बुढ्याले म्हनलं. "मले इचारलं का? आन सकाऊन कागदावर पुन्हा काही निघालं असतं तं? समद्या पटानं माह्या नावानं शिमगा केला असता!"

बुढा नवाबच्या पाठीवरचा घाम पुसून राह्यला होता. त्यानं वरबी पाह्यलं नाई.

"निघालं असतं तं आपल्या दोघाईचं निघालं असतं," तो म्हनला. "नाव तुहं, आडनाव माहं."

मी तिथीच, त्या येवढ्या लोकाईत, नवाबच्या मानेवर डोकं ठेवून रडली.